देशाच्या सभेत नामंजूर

दोन हजार तेवीस साल होतं आणि मला बहात्तरावं लागलेलं. दात तेवढे गेलेले, बाकी सगळं जागच्या जागी. आवाज तर असा की गल्लीच्या ह्या टोकाला मी खाकरलो तर त्या टोकाची पोरं सायकलीवरनं उतरायची.

शाळा चौथीपर्यंत. पुढं उभा जन्म गुऱ्हाळावर गेला. मी गुळव्या. काहिलीच्या कडेला उभा राहून रस उकळताना बघायचा आणि कधी उतरवायची ते सांगायचं, हे माझं काम. खाली चुलवाणात जाळ घालायला माझा दोस्त. मी वरनं ओरडायचो, "जाळ कमी कर!" तो खालनं ओरडायचा, "तू आधी तोंड कमी कर!" अशी आमची दोस्ती. हंगाम संपला तरी आम्ही संपलो नाही. त्याचं घर आमच्या घरापासनं तिसरं. रोज संध्याकाळी दूध कट्ट्यावर दोघांनी उभं राहून समोरच काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायची. त्याच्या पोटातलं माझ्या कानात आणि माझ्या पोटातलं त्याच्या कानात, असं मी धरून चाललो होतो.

गल्लीतली भांडणंही माझ्याकडंच यायची. भावाभावातला बांध असो, सासवासुनांचं असो, कुणाची बायको माहेरी जाऊन बसलेली असो. माणूस माझ्या सोप्यात यायचा, मी खुर्चीवर, तो सतरंजीवर. तो बोलायचा आणि मी निकाल द्यायचो. माझा निकाल मोडून कुणी सुखानं जेवला असेल असं मला आठवत नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगतो.

मग थोरल्या पोराचं लग्न झालं आणि सून आली. मानसशास्त्रात एम.ए. झालेली, वर आणखी कसली कसली शिक्षणं. पोरगी गुणाची. भाकरीही चांगली थापते. पण वर्षभरातच म्हणाली, "मामा, सोपा रस्त्याला लागून आहे. लोकांचं ऐकायला बसायला मला तिथं खोली करून द्याल?" दिली. प्लायवूड मारून दोन खोल्या झाल्या. एकीत ती बसायची आणि दुसरीत तिची जोडीदारीण, कुरुंदवाडच्या एक मॅडम, आठवड्यातनं दोनदा येऊन बसायच्या. रस्त्याकडनं एकच दार. माझी खुर्ची मागं परसात गेली, जास्वंदीखाली. सून म्हणाली, येणाऱ्या माणसांना तुमच्यासमोरनं जाताना अवघडल्यासारखं होतं. ज्या सोप्यात सगळी गल्ली आपण होऊन येत होती, तिथं आता माझ्यामुळं माणसं अवघडायला लागली होती! बरं म्हटलं. आपलीच सून.

तिच्या खोलीत भिंतीवर एक चौकट लावलेली होती, सोनेरी शिक्क्याची. मी एकदा विचारलं, "ह्ये सरकारचं हाय?"

"नाही मामा. ही आमच्या संघटनेची. देशभरातल्या मानसशास्त्रज्ञांची संघटना आहे, मी तिची सभासद आहे."

"म्हंजे दूध संघागत?"

ती हसली. "तसंच म्हणा."

तिनं तसं म्हणायला नको होतं. पुढचं सगळं त्याच्यातनं झालं. दूध संघ म्हटल्यावर मला चेअरमन कळतो, पॅनेल कळतं, डायरेक्टर कुठल्या हॉटेलात बसतो ते कळतं. नियम कुणासाठी असतो आणि कुणासाठी वाकतो, तेही कळतं. मी विचारलं, "मग ही संघटना करती काय? लायसन देती?"

"लायसन वगैरे सरकारचं काम. संघटना माणसं जोडते. वर्षाला अधिवेशन भरवते, कुणी काय नवं शोधलं ते एकमेकांना सांगतो. आणि आम्ही कसं वागायचं ते ठरवते. आमच्यातलं कुणी चुकलं तर लोकांना तिथं तक्रार करता येते."

"आन कसं वागायचं?"

"ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. हे पहिलं."

मी मान हलवली. बाहेर सांगायचं नाही, हे बरोबरच आहे. घर म्हणजे काही बाहेर नव्हे, असा मी त्याचा अर्थ घेतला.

त्या दिवाळीच्या आधी माझ्या दोस्ताची बायको गेली. चांगली बाई. आमच्या दोघांच्या शिव्या ऐकत तिनं आम्हाला उभ्या जन्मात कितीदा जेवायला घातलं असेल, त्याला मोजदाद नाही. बाराव्याला सगळे पांगल्यावर मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "मर्दा, जाणारं माणूस गेलं. तू काय बाई हायस व्हय बसून राहायला? उद्यापासनं कट्ट्यावर ये." तो आला. रोज आला. पण नुसता उभा राहायचा. दुधाचा ग्लास हातात, फेस विरून जायचा तरी तोंडाला लावायचा नाही. मी शिव्या घातल्या, त्यानं परत घातल्या नाहीत. मी म्हटलं, होईल हळूहळू. काहील काय हाक मारली म्हणून उकळते?

आणि मग एका शुक्रवारी मी परसातनं पुढं आलो तर सुनेच्या दारात त्याच्या चपला.

दुसऱ्या कुणाच्या असायचं कारणच नव्हतं. चुलवाणात एकदा त्याचा डावा पाय भाजलेला, तेव्हापासनं तो पाय घासत चालतो. डाव्या चपलेची टाच कायम निम्मी. मी त्या चपलांकडं बघत उभा राहिलो. दार बंद. आतनं पंख्याचा आवाज. तास होत आला तसा मी कोपऱ्यावरच्या पानपट्टीशी जाऊन थांबलो, म्हणजे योगायोगानं भेटल्यासारखं होईल. तो बाहेर आला. डोळे लाल, तोंड धुतल्यासारखं. मला बघून म्हणाला, "जेवलास काय?" आणि पाय घासत निघून गेला.

जेवलास काय! ज्या माणसाला मी आतनं-बाहेरनं ओळखतो, तो माझ्या सोप्यात, माझ्या सुनेपुढं रडून आला होता आणि मला विचारत होता जेवलास काय.

पुढच्या शुक्रवारी परत चपला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी परत. आणि माणूस बदलायला लागला हो. दूध प्यायला लागला. दाढी करायला लागला. एकदा कट्ट्यावर म्हशीनं शेपूट मारून कुणाची तरी टोपी उडवली, तर हा मोठ्यानं हसला. सगळे म्हणाले, बरं झालं, माणसात आला. मीही म्हणालो.  पण त्याचं हसणं परत आलं होतं आणि ते मी आणलेलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला सून भाकरी वाढत होती. मी विषय काढला.

"आमचा दोस्त येतोय न्हवं तुझ्याकडं?"

"मामा, कोण येतं आणि कोण येत नाही, तेसुद्धा मी सांगत नसते."

"अगं, मी डोळ्यांनी बघितल्यात की त्याच्या चपला!"

"मग चपलांना विचारा."

पोरगा ताटात बघून हसला. मी म्हटलं, "मला काय सगळं नको. एवढंच सांग, माझ्याबद्दल काय बोलला का?"

"अवो, पोरीला घास तरी खाऊ द्या की," आमची कारभारीण चुलीकडनं बोलली. "सवत आल्यागत करायला लागलाय तुम्ही!"

सून गंभीर झाली. म्हणाली, "मामा, तुम्ही रागवा, पण हे मी सांगू शकत नाही. संघटनेचा नियम आहे आणि मला तो पटलेलाही आहे."

नियम. म्हटलं, ठीक आहे. नियम आहे म्हणजे नियम करणारा आहे. तो सापडला की बोलू.

तो सापडायला फार लांब जावं लागलं नाही. त्या वर्षी संघटनेचं अधिवेशन आमच्या कोल्हापुरातच भरलं. सून पंधरा दिवस पळापळीत होती. शेवटच्या दिवशी दुपारी एक सत्र सगळ्या नागरिकांसाठी खुलं होतं, ते तिच्याच तोंडनं मला कळलं. मी पेटीतलं धोतर काढलं, कोशा फेटा काढला, करकरणाऱ्या वहाणा काढल्या. सर्वसाधारण सभेला जायचा माझा पोशाख ठरलेला आहे.

हॉलच्या दारात सून टेबल मांडून बसली होती, आल्या-गेल्याला गळ्यात अडकवायचे बिल्ले देत. मला बघून तिचा हात थांबला. "मामा, तुम्ही?"

"सगळ्यांना खुलं हाय म्हणालीस की."

तिनं बिल्ला दिला. मी जाऊन पहिल्या रांगेत बसलो. एक तरणा कार्यकर्ता आला, "आजोबा, ही रांग पाहुण्यांसाठी आहे." मी म्हटलं, "पावणं, तुमचं गाव कंचं?" म्हणाला, पुणे. म्हटलं, "मग पावणं तुम्ही. मी हितलाच हाय." तो गेला.

आता आमच्याकडची सभा कशी असते ते कोल्हापूरकराला सांगायला नको. वर चेअरमन अहवाल वाचतो, खाली त्याची माणसं विषय संपायच्या आधी "मंजूर, मंजूर" ओरडतात, विरोधातले "नामंजूर" म्हणून उठतात, माईक बंद पडतो, खुर्च्या हलतात आणि राष्ट्रगीत लावून सभा उरकतात. मी दोन्ही बाजूंनी ओरडलेला माणूस आहे. पण इथं विपरीतच. माणसं बोलायची आणि बाकीची ऐकायची. कुणी उठत नव्हतं. मला वाटलं, ह्यांचं विरोधी पॅनेल आलंच नाही वाटतं.

शेवटी अध्यक्षीणबाई उठल्या. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या, विदर्भाकडच्या. लोकांना कळेल अशा मराठीत बोलल्या. संघटना कशासाठी आहे, कुणीही उठून पाटी लावून लोकांच्या मनाशी खेळू नये म्हणून काय करते, सभासदानं कसं वागावं. मग म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडे येऊन जे बोलता, ते आमच्याजवळच राहतं. आमच्या घरच्यांनासुद्धा आम्ही ते सांगत नाही. काही शंका?"

मी उठलो आणि पोटातनं ओरडलो, "नामंजूर!"

  मी माईक बंद पडायची वाट बघत उभा राहिलो. तर तो मघाचा पुण्याचा कार्यकर्ता पळत आला आणि त्यानं माईक माझ्याच हातात दिला. इतक्या सभा मारल्या, पण विरोध करणाऱ्याला आपण होऊन माईक दिलेला मी कधी बघितला नव्हता. 

"काका, काय नामंजूर?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नाही.

"ह्यो नियम. एका छपराखाली राहायचं, एका ताटलीतलं लोणचं खायचं, आन घरच्या म्हाताऱ्यापासनं लपवायचं? माझ्याच दोस्ताचं मलाच सांगायचं न्हाय?"

"काका, कुणाचं नाव घेऊ नका हं. तुमच्या मित्राचं मन तुम्हाला जाणून घ्यायचंय, होय ना?"

"व्हय."

"मग मित्राला विचारलंत?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्याला सरळ विचारायचं हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पण मी का विचारू? त्यानं येऊन सांगायला पाहिजे. आजवर सगळे येऊनच सांगत आलेत.

मी माईक सोडला नाही. दुसरा डाव टाकला. "बरं, ऱ्हाऊ दे. मग ह्ये सांगा, सणासुदीला ज्याला जेवायला वाढतो, असल्या घरोब्यातल्या माणसाला तुमच्या सभासदानं घ्यायचं, ह्ये तरी नियमात बसतंय का?"

बाई म्हणाल्या, "नाही. इतक्या जवळच्या माणसाला घेऊ नये. दोन नाती एकमेकांत अडकतात. त्यानं दुसऱ्या कुणाकडे पाठवावं."

"आन तसं कुणी केलं तर?"

"संघटनेकडे तक्रार करता येते. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या जातात."

"मंजूर!" मी म्हणालो आणि खाली बसलो. तेवढ्याला मात्र सगळा हॉल हसला.

मला काय त्याचं? मला पाहिजे ते मिळालं होतं. माझी सून दोस्ताला काका म्हणते, तो सणाला आमच्याकडं जेवतो. म्हणजे सुनेचंच चुकलं. त्याचं तिथं येणं थांबलं की बोलायला त्याला कट्टा आणि मी, एवढंच उरणार. नियम करणाऱ्यांच्याच नियमात मी त्यांना धरलं होतं.

परत येताना सुनेच्या स्कूटीवर मागं बसलो. रंकाळ्याशी तिनं गाडी हळू केली. मग म्हणाली, "तक्रार करणार, मामा?"

"बघू."

"करायची असली तर करा. तुमचा हक्क आहे. कुठं पाठवायची ते मी सांगते. लिहायला कुणी नसलं तर लिहूनही देते."

घाबरली असती, रडली असती, तर मी तिथंच सोडून दिलं असतं. पण आपल्याच विरुद्धची तक्रार लिहून देते म्हणाल्यावर माझं डोकं आणखी फिरलं. घरी उतरलो आणि फेटाही न काढता तडक दोस्ताकडं गेलो.

तो दारात शेंगा फोडत बसला होता. मला बघून म्हणाला, "काय रं, कुणाचं लगीन?"

"तुझं शुक्रवारचं बंद," मी म्हटलं. "देशाच्या अध्यक्षांनी सांगितलंय. घरोब्यातल्या माणसाला घ्यायचा नियम न्हाय. माझ्या सुनंला तुला दारात उभं करता येत न्हाय."

त्यानं शेंग तोंडात टाकली, चावली. "म्हाईत हाय की मला."

"काय म्हाईत हाय?"

"नियम. पयल्या दिवशीच तिनं हात जोडलं मला. म्हणाली, काका, मला तुमची सूनच राहू दे. दुसऱ्यांकडं पाठवते. मी त्या कुरुंदवाडच्या बाईकडं जातोय, मर्दा. पलीकडच्या खोलीत."

मी खाली बसलो. पायरीवरच. दार एकच होतं, चपला दारात होत्या, आणि खोल्या दोन. मी एवढा हिशेबी माणूस, आणि ते बाईमाणूस माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सुनेला इतके दिवस एवढं बोललो तरी ती एका शब्दानं म्हणाली नाही की तो माझ्याकडं येत नाही. तेवढं म्हणाली असती तर सुटली असती.

पण खरं सांगतो, पोटातली आग कमी झाली नाही. वाढली. सुनेला सांगितलं असतं तर निदान माझ्या घरात राहिलं असतं. हे तर कुरुंदवाडला गेलं!

"ती बाई?" मी ओरडलो. "तिनं तुझं गुऱ्हाळ बघितलेलं न्हाय, तुझी बायकू बघितलेली न्हाय, तुझा बा कोण ते तिला म्हाईत न्हाय!"

"म्हणून तर."

"म्हणून तर म्हंजे? काय करती ती असं?"

"ऐकती."

"नुसतं?"

"मधनंअधनं काय तर इचारती."

"मी बी इचारतोच की!"

"तू इचारतोस," तो म्हणाला, "आन उत्तर बी तूच देतोस. बाराव्याला काय म्हणालतास मला? आठवतंय का?"

"आठवतंय की. काय चुकीचं म्हणालो?"

"काय न्हाय. बरोबरच म्हणालास." त्यानं मूठभर शेंगा माझ्या हातात ठेवल्या. "मला तवा बरोबर नको हुतं."

 निकाल देणाऱ्यानं निकाल दिला नाही तर काय द्यायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. शेंगा मुठीत धरून घरी आलो. कारभारणीनं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काय न्हाय, शेंगा दिल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून चहा गाळत होती. मी ओट्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"तुमच्या संघटनेत त्या कुरुंदवाडच्या बाईपेक्षा मोठं कोण हाय हितं, कोल्हापुरात?"

"मोठं म्हणजे?"

"वयानं, हुद्द्यानं, कशानं बी. तिच्यापेक्षा मोठं पायजे."

"कुणासाठी, मामा?"

"ह्ये इचारायचं नसतंय न्हवं तुमच्यात?"

तिनं पदर तोंडाला लावला, पण हसली नाही म्हणायची. राजारामपुरीत एक रिटायर झालेले प्रोफेसर आहेत, सगळ्यांचे गुरू, ती म्हणाली. फोन लावला. अकराला या म्हणाले. त्यांच्यापुढं काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. बोलण्यासारखं माझ्याकडं काय आहे, ते तिथं गेल्यावर बघू म्हटलं.

फेटा बांधला, कालचाच. बसस्टॉप आमच्या दारातनं उजवीकडं आहे. मी डावीकडनं गेलो, दोस्ताच्या दारावरनं. तो तोंड धुऊन खांद्यावर पंचा टाकून उभा होता.

"कुठं निघालास एवढ्या सकाळी नटून?"

"सांगायचं न्हाय," मी म्हटलं. "नियम हाय."

"नियम त्यांना हाय, मर्दा! तुला कुठला आलाय नियम?"

मी थांबलो नाही. कोपऱ्यावर वळताना मात्र हळूच मागं बघितलं. तो अर्ध्या रस्त्यात येऊन उभा होता, माझ्याकडं टक लावून. जळू दे म्हटलं, आणि बस पकडली.